होडी त्याला बांधू द्या, पाण्याची जबाबदारी तुम्ही घ्या

प्रश्न : ताई, आम्ही पाथर्डी फाट्याजवळ राहतो. मुलाची दहावीची परीक्षा नुकतीच झाली. अभ्यासात बरा आहे, पण चारचौघांत तोंड उघडत नाही. दुकानदाराकडून सुटे पैसे परत मागायचे तरी धाकट्या बहिणीला पुढे करतो. मागच्या सुट्टीत व्यक्तिमत्त्व विकास शिबिराला घातलं होतं. तिथे स्टेजवर उभं केल्यावर रडला, आणि तेव्हापासून शिबिराचं नाव काढलं की खोलीचं दार लावून घेतो. माझा भाऊ नौदलातून निवृत्त होऊन सिडकोत राहायला आला आहे. त्याचं म्हणणं, भाच्याला आणि सोसायटीतल्या तीन-चार मुलांना घेऊन आमच्या पार्किंगच्या शेडमध्ये एक छोटी शिडाची होडी बांधू आणि मग ती चालवायला शिकवू. यावर मुलगा चक्क ‘हो’ म्हणाला. त्याचे बाबा अंबडला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहेत. ते म्हणतात, नाशिकला ना समुद्र ना बंदर, अकरावीच्या तोंडावर हे कसले उद्योग! मला पाण्याचीच धास्ती वाटते. दर उन्हाळ्यात धरणावर मुलं बुडाल्याच्या बातम्या येतात. धाकटी तेरा वर्षांची आहे, तीही मागे लागली आहे. होडी बांधून खरंच आत्मविश्वास येतो का?
– एक आई, नाशिक

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी बातमी तुम्ही अर्ध्या ओळीत उरकली आहे. मुलगा हो म्हणाला. शिबिराचं नाव काढताच दार लावून घेणारा मुलगा चार मुलांबरोबर महिनाभर काम करायला तयार आहे. हे दार उघडं आहे तोवर आत जा. माझं उत्तर होकाराचं आहे. पाण्याबद्दल मात्र मी तुमच्या भावापेक्षा तुमच्या बाजूची आहे, आणि त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते.

आधी शिबिराचं. तुमचा मुलगा तिथे रडला यात त्याचा दोष नव्हता. ज्याला लोकांसमोर उभं राहण्याची भीती आहे त्याला आधी लोकांसमोर उभं करायचं आणि मग टाळ्या वाजवायच्या, या पद्धतीत मुलाच्या हाती काहीच लागत नाही. टाळ्या आपण काही केल्यासाठी नाहीत, आपली कीव आली म्हणून आहेत, हे पंधरा वर्षांच्या मुलाला बरोबर कळतं. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली मांडलं की ‘हे मला जमेल’ हा विश्वास माणसात चार वाटांनी येतो. स्वतः एखादी अवघड गोष्ट पार पाडून, आपल्यासारख्या दुसऱ्याला ती करताना पाहून, कुणी धीर दिल्याने, आणि आपल्या अंगाची थरथर आपण कशी समजून घेतो त्यावरून. यातली पहिली वाट सगळ्यात पक्की. धीराचे शब्द त्यामानाने फार कच्चे. आपण पालक मात्र सगळा भर शब्दांवर देतो, कारण ते आपल्या हातात असतात.

होडीचं काम या पहिल्या वाटेचं आहे. मुलांकडून होडी बांधून घेणं ही काही तुमच्या भावाच्या डोक्यातून निघालेली अचाट कल्पना नव्हे. जगभर मुलं ज्या ‘ऑप्टिमिस्ट’ होडीत शीड चालवायला शिकतात, ती क्लार्क मिल्स यांनी १९४७ मध्ये फ्लोरिडात आखली, ती प्लायवूडच्या दोन शीटमधून घरच्या घरी बांधता यावी अशा हिशेबानेच. १९६२ मध्ये ब्रिटनमध्ये ‘मिरर’ नावाची जवळपास अकरा फुटी होडी आखली गेली. तिचे प्लायचे तुकडे तांब्याच्या तारेने एकमेकांना टाके घालून जोडायचे आणि सांध्यांवर फायबरग्लासची पट्टी रेझिनने बसवायची. सुतारकाम न शिकलेल्या हजारो लोकांनी ती आपल्या घरी बांधली. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात ‘रॉकिंग द बोट’ ही संस्था गेली अनेक वर्षं शहरी मुलांकडून लाकडी होड्या बांधून घेते, आणि ती मुलं त्याच होड्या घेऊन ब्राँक्स नदीत उतरतात. तुमच्या भावाला एवढंच सांगा की नकाशा असा पारखलेला, पुष्कळांनी बांधून पाण्यात घातलेलाच घे. नजरेच्या अंदाजाने नवी होडी आखायची नाही. आणि एकट्याची नको, दोघं बसतील अशी हवी.

त्या शेडमध्ये काय घडेल ते सांगते, कारण खरी कमाई तिथेच आहे. प्लायवर पेन्सिलीने रेघ मारायची, ती दुसऱ्याने तपासायची, मग करवत. तुमचा मुलगा पहिल्यांदा रेघेच्या आतून कापेल. तुकडा पंधरा मिलिमीटरने आखूड पडेल. त्या वेळी लाकूड त्याला ‘असू दे, छान प्रयत्न’ म्हणणार नाही आणि ‘तुझ्याकडून होणारच नाही’ असंही म्हणणार नाही. फट दिसेल, बस. मग तो तुकडा बदलायचा की फट भरून काढायची, हे त्या चौघांनी ठरवायचं. आयुष्यात बहुधा पहिल्यांदा त्याची चूक कुणाच्या चेहऱ्यावर न दिसता वस्तूवर दिसेल, आणि वस्तू दुरुस्त करता येते. शाळेत लाल पेनाने खूण झालेलं उत्तर तसंच राहतं. इथे तोच सांधा उद्या सकाळी पुन्हा जोडता येतो आणि परवा त्यात पाणी शिरत नाही.

आणखी एक गोष्ट, जी मी बुजऱ्या मुलांच्या बाबतीत वारंवार पाहिली आहे. समोरासमोर बसवून ‘बोल’ म्हटलं की ही मुलं मिटतात. शेजारी शेजारी उभं राहून दोघांचे हात एकाच कामात असले की बोलतात. डोळे लाकडावर असतात, नजरेला नजर द्यायची नसते. ‘जरा ते टोक धर’, ‘थांब, वाकडं होतंय’, ‘क्लॅम्प दे’. ही वाक्यं छोटी आहेत, पण ती त्याने स्वतःहून, कुणाला तरी, वेळेवर बोललेली आहेत. महिनाभर रोज अशी वाक्यं बोलणाऱ्या मुलाला सुटे पैसे मागणं हे वेगळं धाडस राहत नाही.

म्हणूनच खरेदी मामाने करून आणू नये. प्लायच्या दुकानात मुलांना पाठवा. आयएस ७१० चा (मरीन प्लायसाठीच्या भारतीय मानकाचा) शिक्का असलेलं सहा मिलिमीटरचं मरीन प्लाय हवं, हे तुमच्या मुलाने काउंटरवर सांगू दे. दुकानदार साधं वॉटरप्रूफ पुढे करील, ‘हेच चालतं सगळीकडे’ म्हणेल. तेव्हा ‘नको, शिक्का दाखवा’ हे त्याला म्हणावं लागेल, आणि ते तो म्हणू शकेल, कारण ते का लागतं हे त्याला माहीत असेल. बुजऱ्या मुलाला कशाबद्दल बोलावं हे सुचत नसतं. त्याच्याकडे मुद्दा असला की आवाज आपोआप निघतो. एखाद्या वेळी तो तरीही गप्प बसेल आणि चुकीचं प्लाय घेऊन येईल. मग बदलून आणायला त्यालाच जाऊ दे. तुम्ही फोन करून प्रकरण मिटवू नका, कितीही हात शिवशिवले तरी. फार तर एखादा मित्र त्याच्याबरोबर जाईल.

हात शिवशिवण्याचा धोका तुमच्यापेक्षा तुमच्या भावाला जास्त आहे. वर्षानुवर्षं हुकूम देण्या-घेण्याची सवय झालेला माणूस, त्यात भाच्यावर जीव. सांधा वाकडा बसताना दिसला की तो पटाशी हिसकावून घेणार. त्याच्याशी आधीच स्पष्ट बोला. त्याने एकदा करून दाखवावं, मग हात मागे बांधावेत. होडी थोडी बेढब झाली तर चालेल, ती मामाची झाली तर काही उपयोग नाही. अपवाद दोनच. जिथे हाताचं बोट तुटू शकतं, म्हणजे विजेवर चालणारी करवत, तिथे त्याने शेजारी उभं राहायचं. आणि जिथे होडी बुडू शकते, तिथे त्याने स्वतः तपासायचं. ‘मिरर’सारख्या होडीत हवाबंद कप्पे असतात, ते होडी उलटली तरी तिला तरंगत ठेवतात. त्या कप्प्यांचा प्रत्येक सांधा मोठ्या माणसाने पाहिलाच पाहिजे.

रेझिनबद्दल एक सूचना, कारण तुम्ही एप्रिलमध्ये नाशिकमध्ये हे करणार आहात. इपॉक्सी रेझिन आणि हार्डनर एकत्र केले की मिश्रण आतूनच तापतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते डब्यात बघता बघता घट्ट होतं, जास्त असेल तर धूर सोडतं. सकाळी लवकर काम, एका वेळी थोडंच मिश्रण, शेड सगळीकडून मोकळी, हातात मोजे. घासकाम करताना तोंडाला मास्क. उघड्या हातांनी रेझिन हाताळत राहिलं तर काहींना कायमची अ‍ॅलर्जी होते. यात ‘एवढ्याने काय होतंय’ चालणार नाही.

आता पाणी. तुमची धास्ती रास्त आहे, आणि ती कुणी हसण्यावारी नेली तर ऐकून घेऊ नका. धरणावर जी मुलं जातात ती बहुतेक वेळा पोहता येत नसताना, जॅकेटशिवाय, कुणी जाणतं माणूस सोबत नसताना उतरतात. धरणाचा काठ उथळ दिसतो आणि पुढच्या पावलाला खोल होतो, खाली गाळ असतो. शिडाची होडी रीतसर शिकणं हे याच्या अगदी उलट आहे, पण ‘रीतसर’ या शब्दातली प्रत्येक अट पाळली तरच.

पहिली अट पोहण्याची, आणि ती होडीच्या आधी. त्र्यंबक रोडच्या सावरकर जलतरण तलावावर किंवा तुम्हाला जवळ पडेल तिथे दोन्ही मुलांची नावं याच आठवड्यात घाला. अंगावर कपडे असताना पन्नास मीटर पोहणं आणि दहा मिनिटं उताणं तरंगणं जमेपर्यंत मूल होडीत बसणार नाही, मग होडी तयार होऊन महिना झालेला असो. पोहता आलं तरी लाइफ जॅकेट सुटत नाही. ते मापाचं हवं, पट्टे बांधून खांद्याला धरून वर उचललं तर कानांपर्यंत सरकता कामा नये, आणि ते काठावरच घालायचं, पाण्यात गेल्यावर नाही. शिडं पाण्यावर असताना मोटर असलेली एक मदतीची बोट, तीत बसलेला जाणता माणूस, इतकं जमणार नसेल तर त्या दिवशी होडी काठावरच.

दुसरी अट तुमच्या भावाला आवडणार नाही. नौदलातली नोकरी म्हणजे छोटी शिडाची होडी शिकवता येणं नव्हे. जहाजावरच्या पुष्कळ माणसांनी सगळी वर्षं इंजिनरूममध्ये काढलेली असतात. त्याला सरळ विचारा : अशी होडी तू स्वतः चालवली आहेस का, उलटलेली सरळ केली आहेस का, मुलांना शिकवलं आहेस का? उत्तर ठाम नसेल तर यॉटिंग असोसिएशन ऑफ इंडियाच्या मान्यतेच्या एखाद्या क्लबात आधी मामाने आणि मुलांनी मिळून प्राथमिक प्रशिक्षण घ्यावं. पंधरा वर्षांच्या भाच्याशेजारी बसून मामा शिकतो आहे, हे दृश्यही मुलाला खूप काही देऊन जाईल.

तिसरी, परवानगी. गंगापूर धरण म्हणजे शहराचं पिण्याचं पाणी. जलसंपदा विभागाच्या लेखी परवानगीशिवाय तिथे होडी उतरवायची नाही, आणि ‘ओळख आहे’ हा मार्ग मुलांसमोर तर मुळीच नको. अर्ज मुलांनी लिहावा, तुमच्या भावाने सही करावी, आणि कार्यालयात देताना मुलांनी सोबत असावं. नकार आला तर होडी टेम्पोत टाकून जिथे रीतसर प्रशिक्षण चालतं तिथे न्यायची. अशी होडी चार जणांना उचलून नेता येते, हा तिचा मोठा गुण आहे.

या अटी पाळल्या की पहिल्याच दिवशी, छातीएवढ्या पाण्यात, होडी मुद्दाम उलटवायची. हे वाचून दचकू नका. सगळे चांगले शिक्षक हेच करतात. होडी आडवी पडते, मूल पोहत तिच्या तळाकडे जातं, तळातून बाहेर आलेल्या फळीवर उभं राहून अंगाचा भार टाकतं, शीड पाण्यातून उठतं, होडी सरळ होते. मग आत चढून पाणी उपसायचं. नियम एकच, काहीही झालं तरी होडी सोडायची नाही, काठाकडे पोहत निघायचं नाही. ज्या गोष्टीची सगळ्यात जास्त भीती होती ती होऊन गेली आणि आपण ती हाताने सरळ केली, हे त्याच्या अंगाला कळेल. तुमची तयारी असेल तर त्या दिवशी काठावर जाऊन बसा. ओरडून सूचना मात्र करू नका.

पुढचं शिकणं वाऱ्याचं. वाऱ्याच्या सरळ तोंडावर शिडाची होडी जात नाही. सुमारे पंचेचाळीस अंश एका बाजूला, मग वळून तितकीच दुसऱ्या बाजूला, असं नागमोडी जावं लागतं. सुकाणू आपल्या हातात, शिडाची दोरी आपल्या हातात, वारा मात्र आपला नाही, आणि डोंगराकडून येणारा झोत क्षणात दिशा बदलतो. प्रत्येक वेळी निर्णय घ्यावा लागतो आणि तो बरोबर होता की नाही हे होडीच तत्काळ सांगते. घरात आपण मुलांचे इतके निर्णय घेतो की त्यांना स्वतःचा निर्णय चुकून तो सुधारण्याची संधीच मिळत नाही. पाण्यावर ती मिनिटामिनिटाला मिळते.

नाशिकला समुद्र नाही, हे त्याच्या बाबांचं म्हणणं खरं आहे. मध्य प्रदेशालाही नाही. देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या घरची नेहा ठाकूर भोपाळच्या तलावावर शीड शिकली आणि हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत २०२३ मध्ये तिने मुलींच्या आयएलसीए-४ (एकटीने चालवायची छोटी शिडाची होडी) प्रकारात रौप्यपदक मिळवलं. तेव्हा ती सतरा वर्षांची होती. धाकटीला पाठवायचं का, याचं माझं उत्तर यातच आलं. पाठवा, आणि तिला फक्त पेंटिंगचं काम देऊन बाजूला बसवू नका. हातात रंधा द्या. पुण्याजवळ एनडीएचे छात्र खडकवासल्याच्या धरणावरच शीड चालवायला शिकतात. आणि आपल्या जिल्ह्यातला, चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ तर विहिरी खोदण्याचं काम केलेला, दुष्काळी भागातला मुलगा. लष्करात गेल्यावर त्याने वल्हं हातात घेतलं, तेही आधी पाण्याची भीती असताना. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तो एकेरीत तेरावा आला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेतून सुवर्णपदक घेऊन आला. खेळ वेगळा, वल्ह्यांचा, पण पाण्याची भीती तीच. तुमचा मुलगा पदक आणील असं मी म्हणत नाही, तशी अपेक्षाही त्याच्या कानावर जाऊ देऊ नका.

किंबहुना हे सगळं ‘आत्मविश्वास वाढावा म्हणून’ आहे हेही त्याच्या कानावर जाऊ देऊ नका. नातेवाइकांना फोनवर सांगताना तर नाहीच. होडी बांधायची आहे म्हणून बांधतो आहे, एवढंच कारण पुरेसं आहे. रोज संध्याकाळी ‘आज कसं वाटलं?’ असं विचारू नका. ‘आज कुठपर्यंत आली?’ असं विचारा.

सुट्टीतच सगळं आटपलं पाहिजे, हा आग्रहही सोडा. एप्रिल-मेमध्ये पोहणं आणि होडीचा सांगाडा. पावसाळ्यात दमट हवेत व्हार्निश नीट वाळत नाही, तेव्हा दोऱ्यांच्या गाठी, शिडाचं शिवणकाम, उघडीप मिळेल तसं घासकाम. सरावाचं शीड चांगल्या ताडपत्रीचंही चालतं. धरणं भरून, पाऊस सरून, हवा निवळली की दसरा-दिवाळीच्या सुमारास पाणी. अकरावीचं वर्षही याने बुडत नाही, कारण जूननंतर हे रविवारचं काम आहे.

एक गोष्ट यातून होणार नाही. शीड हाताळणारा मुलगा दुसऱ्या दिवशी वर्गात हात वर करीलच असं नाही. एका ठिकाणी कमावलेलं धैर्य दुसरीकडे आपसूक जात नाही, त्याला वाट करून द्यावी लागते. पुढच्या सुट्टीत सोसायटीतल्या लहान मुलांना गाठी शिकवण्याचं काम त्याच्याकडे द्या. ज्यात आपल्याला खरंच काही येतं, ते दोन-तीन लहानग्यांना सांगताना तो पहिल्यांदा लोकांसमोर बोलेल, आणि बोलतो आहे हे त्याच्या लक्षातही येणार नाही. मात्र तो जेवण-झोप सोडू लागला, मित्र पार तोडले, जगण्याबद्दल उदास बोलू लागला, तर होडीची वाट पाहू नका, समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. ते वेगळं दुखणं असतं आणि त्यावर वेगळा इलाज आहे.

राहिले त्याचे बाबा. त्यांना वाद घालून पटवू नका. होडीचं सुकाणू मागच्या फळीला ज्या बिजागऱ्यांवर लटकतं, त्या स्टेनलेस स्टीलच्या करून घ्याव्या लागतात, आणि हे काम शेडमध्ये कुणालाही येणार नाही. तुमच्या घरात ते येणारा एकच माणूस आहे. पण त्यांनी आपणहून करून आणायचं नाही. मुलगा कागदावर मापं काढून त्यांच्याकडे येईपर्यंत थांबायचं. आला की त्यांनी कारखान्यात विचारतात तसंच त्याला विचारावं : पिनेचा व्यास किती, पत्र्याची जाडी किती, भोकं कुठे, कधीपर्यंत हवं? ड्रॉइंग अपुरं असेल तर परत पाठवावं.